लिंथोइचा भाऊ

मिठबाव, ता. देवगड
२२ जून २०२५

चि. गौरजा, आशीर्वाद.

मुलं सुखरूप पोचली हे तुला फोनवर कळलंच आहे. पण फोनवर माणूस निम्मं बोलतो आणि उरलेलं ‘बाकी बरं’मध्ये कोंबतो. शिवाय तुमच्या इंफाळला नेट आज आहे तर उद्या नाही. म्हणून लिहिते आहे, आणि तूही लिहायचं. चार ओळी नकोत, नीट लिही.

भाईचा मुलगा सुशांत गाडी घेऊन कणकवली स्टेशनवर गेला होता. नाओबा आधी उतरला, मग त्याने बहिणीचा हात धरून तिला उतरवलं आणि सामान ताब्यात घेतलं. सुशांतला बॅग उचलू दिली नाही. पंधरा वर्षांचा मुलगा, पण वागणं पोक्त माणसाचं. मी खोलीत आले की उभा राहतो. पहाटे उठून विहिरीचं पाणी भरतो. चाळीस वर्षं मी मुलं बघत आले आहे, असा मुलगा क्वचित दिसतो. आमचा केयूर बघ. तेरा वर्षांचा घोडा, आणि पाण्याचा तांब्या मोठ्या बहिणीने, श्रियाने, आणून द्यायचा. आपला भाई नातवाला वर शाबासकी देतो.

लिंथोइ बारा वर्षांची आहे ना? दिसते दहाची. मुकाट जेवते, मुकाट अभ्यास करते. दोघांचंही हिंदी मोडकं आहे, माझं त्यांच्याइतकंच वाईट आहे, त्यामुळे चालतं. ती बागेत कामाला येणाऱ्या शेवंतीच्या मागे मागे फिरते. शेवंतीला हिंदीचा गंध नाही, तरी दोघी तासन्‌तास बोलत असतात. काय बोलतात देव जाणे.

शाळेत नावं घातली. पहिल्या दिवशी पोरांनी ‘नेपाळी, नेपाळी’ केलं. मी शाळेत जाऊन आले, आता करत नाहीत. घरी आल्यावर नाओबाला समोर बसवून सांगितलं, की इथे तू मोठा आहेस, हिची जबाबदारी तुझ्यावर. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘हो आजी. ते मला माहीत आहे.’

त्यांच्या आईला सांग, दोघं एका छपराखाली राहतील हा शब्द मी दिलेला आहे आणि मी शब्द मोडत नाही. काही झालं तरी या दोघांची ताटातूट माझ्या घरून होणार नाही.

तुझी,
माईमावशी

*

इंफाळ
६ जुलै २०२५

प्रिय माईमावशी, नमस्कार.

तुझं पत्र विस्थापितांच्या छावणीत नेऊन त्यांच्या आईला वाचून दाखवलं. मराठीतून हिंदीत मी आणि हिंदीतून मैतेईत तिथली एक शिक्षिका, अशी आमची वरात. ‘एका छपराखाली’ हे तिने पुन्हा वाचायला लावलं. ती रोज मला एवढंच विचारते, की दोघं एकत्र आहेत ना. जेवतात का, शिकतात का, हे ती विचारत नाही.

तू हे सगळं करते आहेस त्याबद्दल काय लिहू. शाळेच्या इमारतीत दोनशे माणसं, पडद्याने केलेल्या खोल्या, आणि दोन वर्षं झाली तरी घरी परतायचं नाव नाही. तिथून दोन मुलं तरी बाहेर पडली.

काही गोष्टी विचारायच्या आहेत. लिंथोइ कुठे झोपते? तुझ्या खोलीत झोपली तर बरं. ती हसते का? शाळेत कोणाशी मैत्री झाली का? आणि मावशी, नाओबावर तिची सगळी जबाबदारी टाकू नकोस. तोही लहानच आहे. जबाबदारी हा शब्द त्याच्यासमोर शक्यतो वापरू नकोस. का ते भेटल्यावर सांगेन, पत्रात नीट मांडता येणार नाही.

शेवंतीला माझा नमस्कार. तिची आणि लिंथोइची गट्टी तुटू देऊ नकोस.

तुझी,
गौरजा

*

मिठबाव
२४ जुलै २०२५

चि. गौरजा, आशीर्वाद.

तुम्हा आजकालच्या शिकलेल्या मुलींचं मला कळत नाही. मुलगा जबाबदार असला तरी तुम्हाला काळजी, नसला तरी काळजी. पत्रात मांडता येत नाही असं काही नसतं. मांडायचं नसतं, असं म्हण.

लिंथोइ मधल्या खोलीत झोपते, नाओबा पडवीत, दाराशी. ही व्यवस्था त्याचीच. शाळेतून तिला तोच घेऊन येतो. शिकवणीला बाहेर थांबतो. पावसात छत्री तिच्यावर धरतो आणि स्वतः भिजत येतो. परवा तिच्या दप्तरातली वह्या-पुस्तकं काढून पुन्हा लावत होता. मी विचारलं, काय रे? तर म्हणाला, रोज बघतो, आजी. आमच्या सुशांतने श्रियाचं दप्तर आजवर उघडून पाहिलेलं नाही, आणि तो तिचा बाप आहे.

तिने मालवणी उचलली आहे. भाताचं पातेलं पुढे केलं की ‘माका नको’ म्हणते. भाई हसून लोळतो. नाओबाला आवडत नाही. घरात हिंदी बोल, असं त्याने तिला बजावलं, आणि शेवंतीकडे जाणंही आता बंद आहे. शेवंतीने मला विचारलं, ‘बाई, पोरगी माझ्यार रागावली काय?’ मी म्हटलं, अभ्यास असतो. अभ्यास असतोच.

गेल्या आठवड्यात ती मागच्या पायऱ्यांवर पडली. पावसाळ्यात आमचा जांभा म्हणजे साबण, तुला माहीत आहे. शेवाळावरून घसरत नाही असं माणूस या गावात नाही, मी स्वतः जूनमध्ये आपटले. कोपर आणि कानामागचा भाग काळानिळा झाला. हळद नाओबाने लावली. इतक्या हळुवार हाताने लावत होता की मी दारातूनच परत फिरले. ती डोळे मिटून स्वस्थ बसली होती.

पुढच्या महिन्यात नारळी पौर्णिमा. या वर्षी बचत गटाने किनाऱ्यावर बायकांसाठी नारळ लढवायची स्पर्धा ठेवली आहे. मालवणात मोठ्या होतात, आपल्याकडे पहिल्यांदाच. त्याच दिवशी राखी. लिंथोइने राखी स्वतः केली आहे. तिच्या आईला कळव, बरं वाटेल.

तुझी,
माईमावशी

*

मिठबाव
१० ऑगस्ट २०२५

गौरजा,

काल रात्री फोनवर तुला एवढंच सांगितलं की लिंथोइची दोन बोटं मोडली आहेत आणि नाओबाने मोडली. तू रडायला लागलीस, म्हणून ठेवला. आता जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी राखी बांधून झाली. दुपारी सगळे किनाऱ्यावर गेलो. बायकांची स्पर्धा रंगली. शेवंतीने लिंथोइला हाक मारली, ‘ये गो बाय, तू पण ये.’ मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, जा. शेवंतीने तिला बारका, जून नारळ निवडून दिला आणि म्हणाली, ‘ह्यो घे. ह्यो फुटाचो नाय.’ खरंच फुटला नाही. एकीने नारळ हातात धरायचा, दुसरीने त्यावर आपला मारायचा, मग उलट. ज्याचा फुटला तो हरला. ही बारकी मुलगी दोन बायकांना हरवून पुढे गेली, मग गणपतच्या सुनेने तिला बाद केलं. हरली तरी हसत होती. मी तिला दात दाखवून हसताना प्रथमच पाहिलं.

स्पर्धा संपली तेव्हा पोरं उरलेले नारळ घेऊन लढवायला बसली. केयूरने तिला बोलावलं. केयूरने नारळ धरला होता आणि हिने मारायला हात उचलला होता.

नाओबा माणसांतून वाट काढत आला. त्याने तिला आपल्या भाषेत एक शब्द म्हटला. तिने नारळ खाली ठेवला. मग खाली बसली, उजवा हात उतारावरच्या दगडावर पालथा ठेवला आणि बोटं पसरली.

गौरजा, त्याने तिचा हात ओढला नाही. धरलाही नाही. तिने आपणहून ठेवला, शाळेत पाटी पुढे करावी तसा. त्याने तोच नारळ उचलला आणि तिच्या बोटांवर मारला. पुन्हा मारला. ती ओरडली नाही. तो रागावलेला नव्हता. मी त्याचा चेहरा पाहिला, खिळा ठोकताना सुताराचा असतो तसा होता.

मी धावले. मी पोचेपर्यंत तो थांबला होता. भोवती गावातली निम्मी माणसं उभी होती, सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आणि मग कोणीतरी म्हणालं, ‘भाव तिचो.’ एवढंच. ते दोन शब्द गर्दीतून फिरले आणि माणसं सैल पडली. ज्यांनी श्वास रोखला होता त्यांनी सोडला. एकाने विडी पेटवली. भाई, माझा सख्खा भाऊ, माझ्या दंडाला धरून म्हणाला, ‘गो माई, आपल्या बहिणीक मारल्यान मां? परक्याक तर नाय? तू कित्याक मधी पडतस?’

देवगडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कसं झालं विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, ‘शेवाळार घसरलंय.’

मालवणीत म्हणाली. आणि मी तिथे उभी होते, माझ्याच हाताने गेल्या महिन्यात तुला तेच लिहिलेली.

मी डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. लिंथोइ आता माझ्या खोलीत झोपते, आतून कडी लावून. नाओबा भाईकडे आहे. मला तो आज नजरेसमोर नको आहे.

तू सहा जुलैच्या पत्रात काय मांडलं नव्हतंस ते आता मांड. सगळं.

माई

*

इंफाळ
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय मावशी,

तुझं पत्र चारदा वाचलं. मला हे ठाऊक होतं. इतकं नाही, पण ठाऊक होतं.

ही तीन भावंडं होती. मोठी मेमचा, सतरा वर्षांची. हल्ला झाला त्या रात्री आईबाप बाजाराच्या गावी अडकलेले, घरी ही तिघंच. नाओबा लिंथोइला घेऊन शेतातून पळाला. मेमचा मागे राहिली. ती अजून सापडलेली नाही. जिवंत आहे की नाही, कोणी सांगू शकत नाही. तेव्हा नाओबा तेरा वर्षांचा होता.

छावणीत त्यांचा बाप रोज संध्याकाळी त्याला उभा करतो. करायचा. ‘तुझी बहीण कुठे आहे?’ असं विचारायचा. तो गप्प राहिला की पाण्याच्या नळीने मारायचा, आणि पुन्हा तोच प्रश्न. आई मध्ये पडली की तिला. पडद्यापलीकडे सगळी छावणी ऐकत असायची. मी तिथल्या समितीला सांगितलं, तर ते म्हणाले, ‘बाप आहे.’ त्याचं दुकान जळलं, मुलगी गेली, माणूस मोडला आहे, असंही म्हणाले. तेही खरं आहे. मी चिडायची, आणि पुढच्या पडद्याकडे जायची. तिथे पुढचं काहीतरी चाललेलं असायचं.

माझं काम मुलांशी बोलायचं. मी मुलग्यांना विचारत असे, मुलीवर हात उगारणं कधी बरोबर असतं? बाकीचे सांगत, उलट बोलली तर, भटकली तर, कामं केली नाहीत तर. नाओबा बराच वेळ विचार करून म्हणाला, ‘ती धोक्यात असेल तेव्हा.’ मावशी, मला ते उत्तर इतरांपेक्षा बरं वाटलं. त्यात मला माया दिसली. मी ते माझ्या वरिष्ठांनाही कौतुकाने सांगितलं.

लिंथोइ एकदा अंधार पडल्यावर नळावर गेली, म्हणून त्याने तिला मारलेलं मी पाहिलं होतं. दुसऱ्या आठवड्यात मी तुला मुलांबद्दल विचारलं. तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. मला वाटलं, समुद्र, शाळा, तुझी शिस्त. इथून दूर गेला की सुटेल.

एक विनंती आहे. मला ती करायचा अधिकार नाही, तरी करते. त्यांना वेगळं करू नकोस. तिला फक्त तो आहे आणि त्याला फक्त ती. त्याला परत पाठवलंस तर बाप आहेच. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही.

गौरजा

*

मिठबाव
२ सप्टेंबर २०२५

चि. गौरजा,

तू सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, हे खरं आहे. पण मी हो म्हटल्यावर ट्रेन सुटायच्या आधी सांगता आलं असतं. मला सांगितलं असतंस तर मी त्या मुलीचं कोपर बघून जांभ्याला दोष दिला नसता. तुझ्यावर मी रागावले आहे आणि अजून काही दिवस रागावलेली राहणार आहे. आता पुढचं.

मी नाओबाशी बोलले. माझ्या समोर उभा, हात मागे. का मारलंस? ‘मुलाने नारळ धरला होता. तिचा हात त्याला लागत होता. भोवती एवढे पुरुष होते, आजी, कोण कुठले, कोणाला माहीत?’ मी म्हटलं, केयूर आहे तो, माझ्या भावाचा नातू. तो म्हणाला, ‘आमच्याकडेही ते शेजारचेच होते.’ मग माझ्याकडे बघून, अगदी आदराने, ‘तुम्हीच म्हणालात ना आजी, जबाबदारी माझी.’

मी उठून स्वयंपाकघरात गेले. मुलाला उत्तर न देता वर्गातून उठून गेले, असं माझ्या नोकरीत कधी झालं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मी मनाला सांगत होते, की ही त्यांच्याकडची गोष्ट आहे. दंगल, छावणी, तिकडचे रीतिरिवाज. आपल्याकडे असं नसतं. मग गेल्या बुधवारी, गणपतीच्या दिवशी, केयूरने श्रियाला मारलं. ती मैत्रिणींबरोबर आरतीला दुसऱ्या वाडीत गेली, याला न विचारता. ती याच्यापेक्षा दीड वर्षाने मोठी आहे. गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटवीखाली मुस्काटात मारली, पाहुण्यांसमोर. मी त्याचा कान धरला. तर तो कान सोडवायलाही धडपडला नाही. मला म्हणाला, ‘नाओबान मारल्यान तेव्हा तुमी सगळी गप रवलात.’

माटवीखाली कोणी बोलेना. भाई सुपारी कातरत होता, तो कातरत राहिला. प्राजक्ता, मुलांची आई, पातोळ्यांचं ताट घेऊन दारात आली होती, ती तशीच आत गेली. श्रिया गालाला हात लावून सगळ्यांकडे एकेक करून बघत होती. तिला कोणाकडून काय हवं होतं ते मला कळत होतं, आणि एकाच्याही तोंडून ते निघालं नाही. शेवटी सुशांत म्हणाला, ‘सणाचा दिवस आसा.’ मुलीला म्हणाला.

तिकडचे रीतिरिवाज, म्हणे.

त्यानंतर मी ते केलं जे दहा ऑगस्टलाच करायला हवं होतं. लिंथोइला विचारलं. तोवर मी तुला विचारलं, डॉक्टरांना विचारलं, ओरोसला बालकल्याण समितीत जाऊन तिथल्या बाईंना विचारलं, मुलाला विचारलं. जिची बोटं मोडली तिला मी फक्त ‘दुखतं का’ एवढं विचारत होते. खोलीची कडी लावली आणि म्हटलं, तुला काय हवं ते सांग. मी तुझ्या आईला शब्द दिला आहे की दोघं एकत्र राहाल. तो बाजूला ठेव. नाओबाला दुसरीकडे पाठवू का?

ती बोलली. हिंदीत नाही.

‘त्येका पाठवू नको. तो बाबाकडे गेलो तर बाबा त्येका मारतलो. माका पाठव.’

कुठे?

‘खंय पण. जंय तो नाय थंय.’

तिला भीती वाटते का, असं विचारलं. म्हणाली, तो आला की मला आधीच दुखायला लागतं. त्याने काही केलं नाही तरी. हे मात्र हिंदीत म्हणाली, मालवणीत तिला त्याचे शब्द मिळाले नसावेत.

मी शब्द मोडते आहे. वालावलला माझी कॉलेजातली मैत्रीण सुगंधा आहे. तिच्या घरी तीन मुली राहतात आणि कुडाळला शिकायला जातात. समितीच्या बाईंनी घर पाहिलं, मुलीशी एकटीशी बोलल्या, मान्यता दिली. परवा मी तिला सोडून आले. नाओबा माझ्याकडे परत आला आहे आणि इथेच राहील. कुडाळला एक डॉक्टर आहेत, मुलांच्या मनाचं बघतात, त्यांच्याकडे त्याला दर पंधरवड्याला नेणार. आणि घरात भांडी तो घासतो. इतके दिवस ती घासत होती, हेही मी तुला लिहिलं नव्हतं, कारण मला ते लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं.

त्यांच्या आईला तू सांग. काही लपवू नकोस.

माई

*

इंफाळ
१९ सप्टेंबर २०२५

प्रिय मावशी,

सांगितलं. सगळं सांगितलं, बोटांसकट. मला वाटलं होतं ती कोसळेल, किंवा तुला दोष देईल. तिने फक्त विचारलं, ‘तिने स्वतः सांगितलं? तिच्या तोंडाने?’ मी हो म्हटलं. तिने पुन्हा तेच विचारलं. मग बादली उचलून पाण्याच्या रांगेत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने मला गाठलं. तिचं म्हणणं, बापाला कळता कामा नये. कळलं तर दोघांनाही परत बोलावेल आणि या वेळी नाओबा वाचणार नाही. नवऱ्याला ती रोज सांगते, दोघं एकत्र आहेत, खुशाल आहेत. त्याने तुला फोन केला तर तूही तसंच सांगावंस, अशी तिची विनवणी आहे. तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे. मी निरोप पोचवला.

नाओबा कसा आहे? मला त्याच्याबद्दल विचारायचीही लाज वाटते.

गौरजा

*

मिठबाव
२५ ऑक्टोबर २०२५

चि. गौरजा, आशीर्वाद.

बापाचा फोन आला होता. दोघं एकत्र आहेत, असं मी सांगितलं. स्वच्छ आवाजात सांगितलं. त्याबद्दल आणखी लिहायचं नाही.

परवा भाऊबीज झाली. आपल्याकडे भावाने बहिणीकडे जायचं, हे नाओबाला कोणी सांगितलं कुणास ठाऊक, बहुतेक भाईने. आठ दिवस आधीपासून सकाळी विचारायचा, वालावलला कधी जायचं? मी म्हटलं, ती ठरवेल. कुडाळच्या डॉक्टरांकडे तो तास तास गप्प बसतो. डॉक्टर म्हणतात, बसू दे. मला धीर कमी आहे, पण त्यांचं ऐकते.

सुगंधाकडे फोन केला. लिंथोइ फोनवर आली. तिथे तिला एक मैत्रीण मिळाली आहे, किशोरी नावाची, दोघी दिवाळीत फराळाचे लाडू वळत होत्या. मी विचारलं, नाओबाला भाऊबीजेला आणू का? ती म्हणाली, ‘नको.’ मी थांबले. कारण देईल असं वाटलं. तिने दिलं नाही. मीही मागितलं नाही.

ओटीवर नाओबा उभा होता, भाई सुपारी घेऊन बसला होता. मी म्हटलं, ती नको म्हणाली. भाई म्हणाला, ‘भाऊबीजेक बहिणीन नाय म्हटल्यान? ह्यां कधी आयकाक नाय.’ मी त्याला म्हटलं, आता ऐकलंस ना, आता घरी जा. तो गेला.

नाओबाच्या हाताची मूठ झाली होती. गौरजा, मी घाबरले. माझ्या घरात, माझ्या ओटीवर, सत्तर वर्षांची बाई एका मुलाच्या मुठीकडे बघून घाबरले. तेव्हा मला कळलं की ती मुलगी इथे अडीच महिने कशी राहिली असेल. मी हलले नाही.

तो म्हणाला, ‘तिने म्हटलं की तुम्ही?’

‘तिने.’

‘तिथे तिच्याकडे कोण बघतं?’

‘सुगंधा आहे. मैत्रिणी आहेत. आणि ती स्वतः आहे.’

‘ती लहान आहे. तिला काय कळतं?’

तो पायरीवर बसला, माझ्याकडे पाठ करून. मग म्हणाला, आणि हे मी त्याच्याच शब्दांत लिहिते:

‘मेमचाला सगळं कळायचं. तीच म्हणाली, हिला घे आणि पळ. मी नको म्हणत होतो. तिने मला ढकललं. म्हणाली, ऐक माझं. मी ऐकलं.’

दोन वर्षांत त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. बाप रोज विचारत होता, तरीही. आपण बहिणीचं ऐकून पळालो हे बापाला कसं सांगणार? तेव्हापासून त्याने कुठल्याही मुलीचं काही ऐकलेलं नाही.

मी त्याच्याजवळ बसले, एक पायरी वर. म्हटलं, तिने सांगितलं ते तू केलंस, म्हणून आज लिंथोइ वालावलला लाडू वळते आहे. मेमचाला बरोबर कळलं होतं.

त्याने मान हलवली, ती हो की नाही ते मला समजलं नाही. उठून भांडी घासायला गेला.

त्याच्या आईला यातलं ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. सांगायचं की नाही ते तू तिच्याकडे बघून ठरव. पण लपवायचं ठरवलंस तर आधी मला कळव.

मी म्हटलं त्यावर त्याचा विश्वास बसला असं मला वाटत नाही. उद्या पुन्हा सांगेन.

तुझी,
माईमावशी